भाऊंच्या नावाची फाईल

आमच्या घरातली एकूण एक वस्तू पिवळट होती. भिंती, गोधड्या, दोरीवरचे कपडे, इतकंच काय देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाचं नाकसुद्धा. जळगावात दाळमिलच्या मागच्या भिंतीला लागून सहा खोल्यांची पत्र्याची चाळ होती, तिच्यातली तिसरी खोली आमची. भिंतीपलीकडे दिवसभर तूर भरडली जायची आणि तिचं पीठ पत्र्याच्या फटींतून आत येऊन सगळ्यावर बसायचं. सकाळी माय झाडून घ्यायची, दुपारी ताटाच्या पाठीवर बोटानं नाव लिहिता यायचं. मशीन चालू असलं की जमीन बारीक थरथरायची, मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. त्या आवाजावर आवाज चढवूनच आम्ही लहानाचे मोठे झालो. आजही दवाखान्यात पेशंट म्हणतात, "सिस्टर, हळू बोला ना, रागावता काबरं?" मी रागावलेली नसते. मी दाळमिलमागं वाढलेली असते, एवढंच.

माझे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, पहूरहून आले ते पाठीवर पोती वाहायला. वीस वर्षांत त्यांची बढती झाली ती मशीनवर तूर सोडण्याच्या कामापर्यंत. तोंडाला ओला रुमाल बांधून ते आठ-आठ, दहा-दहा तास त्या पिवळ्या धुरळ्यात उभे राहायचे. संध्याकाळी घरी आले की मोरीशी बसून खोकायचे, आणि तो खोकला थांबेपर्यंत माय भाकरी तव्यावर टाकत नसे, गार होईल म्हणून. शनिवारी पगार. पगारासोबत तुकडा झालेल्या डाळीची पिशवी, तिला आम्ही चुरी म्हणायचो. त्या चुरीवर आमचं घर चालायचं. सोमवारी वरण, मंगळवारी वरण, आणि कढीपत्ता, मिरची असली तर फुनके. भिजवलेली चुरी जाडसर वाटून, मुटके वळून वाफवायचे आणि कढीत बुडवून खायचे. मी एकुलती एक. पुढं मूल होणार नाही असं झालं, कारण मायचं गर्भपिशवीचं ऑपरेशन करावं लागलं. त्या ऑपरेशनचा सगळा खर्च शेठनी केला होता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण शेठ वाईट माणूस होता असं लिहिलं तर मायला बरं वाटलं नसतं. आज तीही नाही, तरी मी तिचा धाक पाळते.

मिलचे मालक म्हणजे शेठ. पांढराशुभ्र सदरा, हळू बोलणं, कामगाराच्या मुलीच्या लग्नात स्वतः येऊन जेवून जाणं. त्यांच्या बंगल्याला संगमरवरी पायऱ्या होत्या आणि दिवाळीला आम्ही चाळीतल्या पोरी तिथं फराळाचं ताट आणायला जायचो. त्या पायऱ्या इतक्या गार असायच्या की चपला बाहेर काढल्यावर पाय उचलावासा वाटत नसे. वर्षातून एकदा, आषाढाच्या सुमाराला, मिलचे दिवाणजी आमच्या खोलीत यायचे. म्हातारे, चष्मा दोरीनं बांधलेला. हातात कागदांचा गठ्ठा. भाऊ हातपाय धुऊन पाटावर बसायचे आणि दिवाणजी बोट ठेवतील तिथं सही करायचे. भाऊ सातवी पास होते, त्यांना सहीचा अभिमान होता. "भागवत" मधला ग ते असा वळवून काढायचे की दिवाणजी दर वर्षी म्हणायचे, "वा, काय अक्षर आहे!" सह्या झाल्या की पावशेर पेढे आणि मायला खणाचं कापड. मला वाटायचं, हे मिलमधल्या चांगल्या कामाचं बक्षीस असतं. चाळीतल्या दुसऱ्या दोन-तीन खोल्यांतही पेढे यायचे.

बारावीला मला बरे मार्क पडले. धुळ्याला देवपुरात माझे मामा राहायचे, तिथल्या औषधनिर्माणाच्या कॉलेजात माझं नाव यादीत लागलं. फी आमच्या आवाक्याबाहेरची होती, पण कमी उत्पन्नवाल्यांना फीमाफी होती आणि कमी उत्पन्न म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. मामांनी फॉर्म आणून दिला. मी दारात बसून तो भरत होते. "पालकांचा व्यवसाय": दाळमिल कामगार. "पालक आयकर भरतात काय?" हे वाचून मी हसले आणि मायला मोठ्यानं वाचून दाखवलं. माय भाकरी थापत होती. तीही हसली. म्हणाली, "लिखी दे, सोनानी थाळीमा भरतस." मी "नाही" लिहिलं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी पोस्टमन आला आणि भाऊंच्या नावाचं तपकिरी पाकीट देऊन गेला. वरच्या पत्त्यावर रेघ मारून आमचा पत्ता लिहिलेला होता. पाकीट आयकर कचेरीचं होतं. आत इंग्रजी पत्र. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, म्हणून शब्दकोश घेऊन बसले. अर्धं कळलं नाही, पण जे कळलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. पत्रात माझे भाऊ कडधान्याचे व्यापारी होते. धुळ्यात त्यांच्या मालकीचं दुकान होतं. गेली सात-आठ वर्षं ते रिटर्न भरत होते, कर भरत होते, आणि शेठच्या पत्नीला त्यांनी मोठी रक्कम उसनी दिलेली होती. त्या रकमेबद्दल विचारायला साहेबांनी त्यांना वह्या घेऊन धुळ्याच्या कचेरीत बोलावलं होतं.

भाऊ आले, खोकून झालं, आणि मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. मायच बोलली.

"हाई बठ्ठं आपलं शे?" हे सगळं आपलं आहे का, असं विचारत तिनं खोलीभर नजर फिरवली. "दोन पातेला शेतस आपला घरमा. मी हासू का रडू, सांगा माले!"

"शेठनं सांगतलं, म्या सही केली," भाऊ म्हणाले. "मले काय समजते त्यातलं?"

"भाऊ, तुम्ही शेठाणीला कर्ज दिलंय," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघून कसंनुसं हसले. ते हसू मला आजही आठवलं की मी हातातलं काम खाली ठेवते.

दुसऱ्या दिवशी भाऊ मला घेऊन बंगल्यावर गेले. शेठनी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि भाऊंना बसायला सांगितलं. भाऊ खाली सतरंजीवर बसले. शेठना जराही अवघडल्यासारखं वाटत नव्हतं, हे मला फार विचित्र वाटलं.

"भागवत, घाबरायचं काही नाही. सगळं माझ्या एकट्याच्या नावावर दाखवलं तर निम्मं सरकारच घेऊन जाईल. मग मिल चालवायची कशी? तुम्हाला पगार द्यायचे कुठून? म्हणून थोडं थोडं घरच्या माणसांच्या नावावर फाईल करून ठेवतो. तुला मी घरचा समजतो. तुझ्या नावाचा जो काही कर होतो तो मीच भरतो. तुझं काय जातं?"

"काई नाई जात, शेठजी."

"धुळ्याला आपले वकीलसाहेब असतील. साहेबानं विचारलं तर एवढंच म्हणायचं, दुकान माझं, पैसे माझे. संपलं."

मी सतरंजीच्या कडेला उभी होते. बोलायचं नाही असं घरून ठरलं होतं, तरी बोलले. "शेठजी, माझ्या फीमाफीच्या फॉर्ममध्ये विचारलंय, वडील आयकर भरतात का म्हणून. मी 'नाही' असं लिहिलंय."

"बरोबर लिहिलंस. कोण बघतंय?" शेठ म्हणाले. मग जरा थांबून, "आणि काही अडलं तर फी मी देईन, बेटा. पुढच्या आठवड्यात आठवण कर."

पुढं बऱ्याच वर्षांनी दिवाणजींनी मला सांगितलं, की शेठचं स्वतःचं रिटर्न वाचण्यासारखं असायचं. नशिराबादकडे त्यांची केळीची बाग होती आणि निम्म्याहून जास्त कमाई तिच्या नावावर लिहिलेली असायची, कारण शेतीच्या उत्पन्नावर कर नाही. म्हणजे कागदावर शेठ शेतकरी होते आणि माझा बाप व्यापारी.

धुळ्याची तारीख आणि माझा फॉर्म भरायची शेवटची तारीख एकच निघाली. सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. भाऊंनी लग्नातला कोट घातला होता. वकीलसाहेबांनी तसा निरोपच दिला होता, व्यापाऱ्यासारखे दिसा म्हणून. कोट खांद्यात घट्ट होता, पोती वाहून त्यांचे खांदे लग्नानंतर रुंद झाले होते. मायनं डब्यात फुनके दिले होते. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, भाऊ खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होते. मला वाटलं नामस्मरण करताहेत. जरा वाकून ऐकलं तर म्हणत होते, "दुकान माझं, पैसे माझे. दुकान माझं, पैसे माझे."

कचेरीत बाकावर तासभर बसलो. मग आत बोलावलं. मीही मागोमाग गेले, मला कोणी अडवलं नाही. साहेब पन्नाशीचे असतील, डोळ्यांखाली काळं आलेलं, समोर फायलींचा ढीग. वकीलसाहेबांनी वह्या पुढं ठेवल्या. साहेबांनी त्या उघडल्या नाहीत. ते भाऊंकडे बघत होते. भाऊंच्या कानातल्या केसांवर, भुवयांवर ती पिवळी पूड होती, कितीही धुतली तरी जात नसे.

"कडधान्याचा व्यापार करता?"

"हो साहेब."

"मागच्या महिन्यात तुरीचा भाव काय होता?"

वकीलसाहेब काही बोलायला गेले, साहेबांनी हात वर केला. भाऊंना तुरीबद्दल सगळं ठाऊक होतं, कोणती तूर भिजवायला किती वेळ लागते, कोणत्या तुरीची चुरी जास्त पडते. भाव मात्र त्यांना कधी कोणी विचारला नव्हता.

साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या हातात फॉर्म होता, पिशवीत चुरगळू नये म्हणून मी तो छातीशी धरला होता. "ही कोण?"

"पोर्गी आहे साहेब, छाया. कॉलेजात नाव लागलं तिचं."

"बघू." मी फॉर्म दिला. त्यांनी तो सावकाश वाचला, अगदी मागची बाजूसुद्धा. मग त्यांनी माझा फॉर्म आणि भाऊंची फाईल टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला.

"भागवतराव, ह्यातला एकच कागद खरा असू शकतो. ही फाईल खरी असेल तर मुलीचा फॉर्म खोटा आहे, तो भरू नका, पुढं तिलाच त्रास होईल. आणि मुलीचा फॉर्म खरा असेल तर हे दुकान दुसऱ्या कोणाचं तरी आहे. कोणाचं ते मला सांगा. तुम्ही सांगाल ते मी लिहून घेतो."

पंखा फिरत होता, फायलींची टोकं फडफडत होती. वकीलसाहेब खिशातला पेन काढून पुन्हा खिशात ठेवत होते. भाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर काय झालं असतं, ह्याचा विचार मी आयुष्यभर केला आहे. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि भुवयांवरची पूड ओली होऊन एक पिवळा ओघळ कानशिलावरून कोटाच्या कॉलरपर्यंत गेला.

"दुकान माझं आहे साहेब," भाऊ म्हणाले. "पैसे माझे आहेत."

साहेबांनी डोळे मिटून घेतले, मग उघडले. लिहून घेतलं. भाऊंनी सही केली. माझा फॉर्म साहेबांनी मला परत दिला, आणि देताना म्हणाले, "बाळ, शिक मात्र." एवढं ते का म्हणाले असतील कोण जाणे. म्हणायचं तर काहीतरी म्हणावंच लागतं.

बाहेर आल्यावर वकीलसाहेब चहा पाजतो म्हणाले. भाऊ नको म्हणाले. आम्ही दोघं लिंबाच्या झाडाखाली उभे राहिलो.

"चाल, देवपूरले जाऊ. कॉलेज बंद होईल," भाऊ म्हणाले.

"फॉर्ममध्ये काय लिहू, भाऊ?"

"नाही" लिहिलेला फॉर्म मी नुसता नेऊन दिला असता तर कदाचित खपून गेला असता. शेठ म्हणाले तसं, कोण बघतंय? माझ्याच बारावीच्या वर्गातल्या एका सराफाच्या मुलीनं त्या वर्षी फीमाफी घेतली, ती स्कूटरवरून कॉलेजात यायची. पण मी अठरा वर्षांची होते आणि नुकतंच एका माणसानं माझा कागद हातात घेऊन खरा की खोटा असं विचारलं होतं आणि माझ्या बापानं उत्तर दिलं होतं. मला तो फॉर्म द्यायचा धीर झाला नाही. पूर्ण फी भरायची तर त्याच दिवशी भरायची होती आणि शेठचा पुढचा आठवडा अजून यायचा होता. मी फॉर्मची घडी केली. भाऊंनी ती घडी करताना बघितलं.

मग ते म्हणाले, "मंग एक काम करू. दुकान तरी पाहू."

पत्रावरचा पत्ता मला पाठ झाला होता. बाजार समितीजवळच्या एका गल्लीत, विचारत विचारत, ते सापडलं. गंजलेलं शटर, दोन कुलपं, आणि वर हातभर लांबीची पत्र्याची पाटी. पाटीवर भाऊंचं पूर्ण नाव आणि खाली "कडधान्याचे व्यापारी". रंग अजून ताजा होता, बहुधा साहेब पाहायला येतील म्हणून नवा दिलेला. शटरसमोर कुत्रं झोपलं होतं. भाऊ त्या पाटीखाली मान वर करून उभे राहिले. त्यांनी आपलं नाव इतक्या मोठ्या अक्षरात कधी पाहिलं नव्हतं. ओठ हलवत त्यांनी ते वाचलं, एकेक अक्षर.

शेजारच्या दुकानातून एक माणूस बाहेर आला. "काय पाहिजे बाबा? ते उघडत नाही कधी."

"काई नाई," भाऊ म्हणाले. "असंच."

"मालकाला शोधताय का?"

"नाई. मालक नाई पाहिजे."

आम्ही दुकानाच्याच ओट्यावर जरा पुढं बसून डबा उघडला. फुनके वाळून कोरडे झाले होते, घशाखाली उतरत नव्हते. भाऊंनी एकही खाल्ला नाही. मला म्हणाले, "शेठ नसता तं तुह्या मायचं ऑपरेशन झालं नसतं, छाया." ह्या एका वाक्यापलीकडे त्या दिवसाबद्दल ते पुन्हा कधीच बोलले नाहीत.

माय चार महिने त्यांच्याशी बोलली नाही. ताट पुढं ठेवायची आणि मोरीकडे तोंड करून बसायची. ऑपरेशन तिचं होतं, म्हणून तिला दुप्पट राग होता, आणि राग कोणावर काढायचा हे तिला कळत नव्हतं. माझं कॉलेज हुकल्याचं शेठना कळलं तेव्हा ते खरंच हळहळले. म्हणाले, "अरे, एक दिवस आधी सांगायचं." दिवाणजींच्या हाती त्यांनी माझ्यासाठी साडी पाठवली. मायनं ती न उघडता मामीला देऊन टाकली.

आमच्या शेजारच्या खोलीतले रशीदचाचा, तेही मशीनवर होते आणि त्यांच्याही नावाची फाईल होती. त्यांना पुढच्या महिन्यात धुळ्याला बोलावणं आलं. चाचांनी तिथं सरळ सांगितलं, "साहब, मेरा कुछ नहीं है, मैं तो मजूर हूँ." आठवड्यात त्यांचं काम गेलं आणि खोलीही गेली. हातगाडीवर भांडीकुंडी आणि दोन मुली घेऊन ते गेले, तेव्हा भाऊ मशीन सोडून फाटकापर्यंत त्यांची गाडी ढकलत गेले. चाचांच्या मुली पुढं शाळेत गेल्या नाहीत, विड्या वळायला लागल्या. म्हणजे खोटं बोललेल्याची मुलगी शिकली नाही आणि खरं बोललेल्याच्याही मुली शिकल्या नाहीत. ह्यातून काय शिकायचं हे मला कोणी सांगितलं तर मी आजही ऐकायला तयार आहे.

मी दोन वर्षं मिलमध्येच डाळ निवडायला बसले. मग सरकारी दवाखान्यात नर्सच्या ट्रेनिंगला लागले, कारण तिथं फी नव्हती, वर महिन्याला थोडे पैसे मिळायचे. आता निवृत्तीला थोडी वर्षं उरली आहेत. केसपेपरच्या खिडकीशी मी रोज बघते, मोठ्या गाडीतून उतरलेला माणूस गरिबीचा दाखला दाखवून फुकट तपासून घेतो आणि त्याच रांगेत मागं उभा असलेला हमाल पैसे मोजतो, कारण त्याच्याकडे दाखला नाही. मी काही बोलत नाही. माझा कर पगार हातात येण्याआधीच कापलेला असतो, मला कोणी विचारत नाही, तो माझा आहे की नाही.

पहिल्यांदा तो कापला गेला तेव्हा भाऊ अंथरुणाला खिळलेले होते. छाती धुरळ्यानं भरून गेली होती, वाक्य पुरं करायला दोनदा दम घ्यावा लागायचा. कामावरून आल्यावर मी त्यांच्या उशाशी बसून सहज म्हटलं, "भाऊ, माझा इन्कमटॅक्स कापला." ते कुशीवर वळले. कागद मागितला. इंग्रजी वाचता येत नव्हतं तरी डोळ्यांजवळ धरून बघत राहिले.

"नाव कोनाचं आहे?"

"माझं."

"अन् कमाई?"

"माझीच, भाऊ. रात्रपाळ्यांची."

"दुसऱ्या कोनाची नाई?"

"नाही."

त्यांनी कागद छातीवर ठेवला आणि वर हात ठेवला. खोकल्यानं कागद वरखाली होत होता. मी काढून घ्यायला गेले तर सोडेनात.

"राहू दे थोडा येळ," ते म्हणाले. "खरा आहे."